हनुवटीखालचा करंट

"जिभेला करंट द्या, मॅडम. सायेब म्हनले, परत झोपलास तर कायमचा घरी."

कोपरगावच्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सोनवणे हे सांगत होते, आणि सांगता सांगताच पेंगले. साखर कारखान्यात बॉयलरवर ड्यूटी. झोपण्याबद्दल दोन मेमो झालेले.

नगरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना घसा पाहून स्लीप ॲप्नियाचा संशय आला होता. यात झोपेत जीभ मागे पडते, श्वास अडतो, माणूस दचकून जागा होतो. रात्रभर हेच, म्हणून दिवसा डोळे मिटतात. परदेशात जिभेच्या नर्व्हला करंट देऊन पाहताहेत, असंही डॉक्टर बोलून गेले. माझ्याकडे तोंड वाकडं झालेल्यांसाठी करंट देणारं मशीन, स्टिम्युलेटर, होतं. सोनवण्यांनी थेट माझं दार गाठलं.

मी डॉक्टरांना फोन लावला.

"हलका ठेवा," ते म्हणाले, "आणि आशा लावू नका."

दुपारी क्लिनिक रिकामं असताना सोनवण्यांना झोपवलं. हनुवटीखाली दोन पॅड लावले. पाच मिनिटांत घोरणं सुरू. मग एकदम शांत. छाती हलत होती, पण नाकातून वारा नाही. बटण दाबलं. घर्रकन श्वास आला! मी हरखले. पण सोनवणे टक्क जागे.

चार वेळा हेच. करंट कमी केला तर जीभ हलेना, वाढवला की जाग. करायला गेले गणपती, झाला मारुती.

"नाही जमत, सोनवणे. कुशीवर झोपत जा."

"ऱ्हाऊ द्या. पन श्वास खरंच थांबतो का वो?"

"थांबतो. मी पाहिला."

त्यांनी हनुवटी चोळली. "मंडळी जाऊन सात वर्सं झाली. झोपेत माजं काय हुतं, सांगायला कुनी न्हाईच."

मीही एकटीच राहते. ते गेल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. फार एकटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या लेबर ऑफिसरकडे गेले.

"हा आळस नाही, आजार आहे. बॉयलरवरून काढा, कामावरून नको."

"कशावरून? झोपेत श्वास अडतो, असं घरच्यांचं लेखी आणा."

"घरी कोणी नाही."

"मग पाहिलं कुणी?"

"मी. शेजारी बसून."

त्यांनी कागद पुढे सरकवला. मी पाहिलं तेवढंच लिहून सही केली. सोनवण्यांची बदली गोडाऊनला झाली. नोकरी राहिली.

उपचार फसलाच. पण एकट्या माणसाच्या आजारालाही साक्षीदार लागतो, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.