गुंडा हवालदार आणि बाकाखालची बॅग

फौजेतून सुटल्यावर गुंडा हवालदार सातारा-विटा रस्त्यावरच्या एका एसटी स्टँडवर पहारेकरी म्हणून लागले. कोरेगावकडचं ऊसवाल्यांचं घर, घरातला एक तरी माणूस कायम पलटणीत. एकाहत्तरच्या लढाईत खंदकात बसून त्यांनी तोफगोळे ऐकलेले. त्यामुळे स्टँडवरचा पहारा त्यांना विसाव्यासारखाच वाटायचा. बाजाराच्या दिवशी एसटीत चढणाऱ्या बाईच्या गळ्याकडे कुणाचा हात वळला, की हवालदारांनी त्याचं मनगट धरलंच म्हणून समजा. आसपासचे खिसेकापू त्यांना बघून पुढच्या स्टँडला जात.

त्र्याण्णवच्या मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि इथल्या कर्ण्यावरूनही बेवारस वस्तूला हात लावू नका म्हणून सांगायला सुरुवात झाली. साताऱ्याहून एक फौजदार येऊन समजावून गेले. संशयाची वस्तू दिसली की शिट्टी मारायची, माणसं लांब काढायची, मग पोलिसांना फोन. हवालदारांच्या गळ्यात नवी शिट्टी आली. गावात कुणी विचारलं तर ते म्हणत, "आमी हाय तवर स्टँडवर काय हुत न्हाई."

एप्रिलातल्या एका दुपारी ते फलाटावरून फिरत होते. विट्याची गाडी लागायची होती, बाकांवर माणसं डुलक्या घेत होती. कडेच्या बाकाखाली काळी रेक्झिनची बॅग दिसली. वर बसलेल्यांना विचारलं तर कुणाचीच नाही. हवालदार वाकले. आतून टिकटिक ऐकू येत होती.

ते सरळ झाले. शिट्टी गळ्यातच होती. शेजारी पेरूची पाटी मांडून बयाबाई बसलेली. साठीची बाई, गुडघे धरलेले, उठायचं तर खांबाला धरून उठायची. तिनं हवालदारांचा चेहरा बघितला आणि विचारलं, "काय वो, काय हाय त्यात?"

हवालदार बोलले नाहीत. वळले आणि चालू लागले. फलाट उतरेपर्यंत चालले, मग पळाले. रस्ता ओलांडून फोनच्या बूथमागं जाऊन उभे राहिले.

मागून बयाबाईचा आवाज आला. बॅगेत काहीतरी आहे, पोरं उचला, लांब पळा, म्हणून ती ओरडत होती. माणसं धावत सुटली. स्वतः तिला उठायला वेळच लागला. शेवटची म्हातारी आणि तिचं गाठोडं बाहेर निघाल्यावर ती खांब सोडून लंगडत निघाली, हे हवालदारांनी बूथमागून बघितलं.

बूथवाल्यानं गलका ऐकून पोलिसांना फोन लावला. पोलीस येतात तोवर हॉटेलातून एक तरुण पळत आला. विश्वजीत त्याचं नाव. विट्याचा, कोइमतूरला सोनं गाळायच्या दुकानात कामाला. आईसाठी गजराचं घड्याळ घेऊन निघालेला, चहा प्यायला म्हणून बॅग ठेवून गेला होता. पोलिसांनी त्याला झापलं, माणसं हसली, विट्याची गाडी लागली.

कंट्रोलर नानासो हवालदारांना शोधत बूथपाशी आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं लगेच फोन केलात. फौजी माणूस तो फौजी माणूस."

तेव्हाच "मी न्हाई केला" म्हणायचं होतं. हवालदारांनी नुसती मान हलवली.

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झाल्यावर स्टँडवरच त्यांना शाल आणि नारळ दिला. मनुबाई, त्यांची बायको, नवं लुगडं नेसून पुढं बसली होती. नानासो बोलत होते आणि हवालदारांना समोर पाटीमागं बसलेली बयाबाई दिसत होती. ती कुणाला तरी पेरू निवडून देत होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही. तिनं रागानं बघितलं असतं तरी चाललं असतं, असं त्यांना वाटलं.

त्यानंतर ते कामावर मागच्या फाटकानं येऊ लागले. खंदकात आपण पळालो नव्हतो, मग इथं का पळालो, हे त्यांना उमगत नव्हतं. खंदकात दोन्ही बाजूंना माणसं होती, हात पुढं केला की लागायची, एवढंच आठवायचं. पण ते तरी कुणाला सांगणार?

शेवटी एका सकाळी ते बयाबाईसमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी, त्या दिवशी मी पळालो."

"ठावं हाय की."

"तुमी कुणाला बोलला न्हाईसा."

"मी कशाला बोलू?" बयाबाई पेरूवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "पळाला त्याचं काय न्हाई, हवालदार. जीव सगळ्यांलाच हाय. मी इचारलं तवा सांगायला पायजे हुतं. येक शबुद बोलून पळायचं हुतं."

हवालदार तिथूनच वळले. ते नानासोंकडे गेले आणि सगळं सांगितलं. नानासोंनी दार लोटून घेतलं. "आता झालं गेलं. वर कळवलंय आमी. गप ऱ्हावा, माझीबी शोभा हुईल."

हवालदार गप राहिले, पण पावसाळ्यात तेच फौजदार पुन्हा शिकवायला आले. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडणारे, सगळे जमलेले. फौजदारांनी हवालदारांना पुढं बोलावलं, म्हणाले, यांच्यासारखं वागा.

"माझ्यासारखं नगा वागू," हवालदार म्हणाले. "मी पळालो हुतो. माणसं बयाबाईनं काढली. फोनबी मी केला न्हाई."

कुणीतरी फिसकन हसलं. नानासो जमिनीकडे बघू लागले. एका नव्या कंडक्टरनं विचारलं, "मग आता परत बॅग दिसली तर?"

"सांगता येत न्हाई गड्या. पण आधी वरडीन."

ही गोष्ट त्यांच्या आधी गावात पोहोचली. संध्याकाळी घरी आले तेव्हा मनुबाई चुलीपुढं बसलेली. तिनं ताट वाढलं, पाणी ठेवलं. ते जेवायला बसले.

"आवं," ती म्हणाली, "त्या दिवशी मी पुढं बसून टाळ्या वाजवत हुते. मला तरी आधी सांगायचं."

हवालदारांनी हातातला घास ताटात ठेवला.