पीटरकाकांचा कावळा

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. चौबे कॉलोनीत कोणाला हे पटणार नाही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही अशी माझी ख्याती आहे. खारून नदीचा पूर मी म्हशीच्या पाठीवर बसून ओलांडला आणि म्हैस मधल्या धारेत डुलकी काढत होती — हे सांगून झालंय. गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर मे महिन्यात घार उतरली, तिचे पाय भाजले, ती अजून लंगडत उडते — हेही. लोक हसतात, चहा पाजतात. माझ्या थापा कोणाला लागत नाहीत, म्हणून मी स्वतःला खोटारडा कधी समजलो नाही. पण एक थाप लागली. कोणाला लागली, ते सांगतो — जरा हळूहळू येऊ द्या मला.

आमच्या भिंतीला भिंत लागून सिसिलकाकू राहायच्या. कॅथलिक, मूळच्या अमरावतीकडच्या, बोलणं अस्सल वऱ्हाडी. त्यांचे यजमान पीटरकाका शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांतल्या एका रोलिंग मिलमध्ये फोरमन होते. काका नुसत्या आवाजानं लोखंड वाकवायचे, भट्टी नावालाच होती, असं मी सांगत असे. त्यात फार वाढवलेलं नव्हतं. शिव्या तर अशा द्यायचे की ट्रकवाले थांबून ऐकायचे. एका दुपारी शिफ्ट संपता संपता छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले. फादर पोचले तेव्हा उशीर झाला होता. पापांची कबुली राहिली, मरणाऱ्याच्या कपाळाला फादर लावतात ते शेवटचं तेल राहिलं.

काकूंना तेच लागून राहिलं. काका गेले याचं दुःख होतंच, पण ते कुठे थांबलेत याची काळजी त्याहून मोठी. त्यांच्यात मरणारा माणूस लगेच स्वर्गात जात नाही — संत असला तर गोष्ट वेगळी. मधे एक शुद्धिस्थान असतं. तिथे आत्मा धुऊन निघतो.

"तिथून खाली कोणी जात नाही, विन्या," काकू मला समजावायच्या. "तिथं पोचला तो वरच जाते. पण केव्हा? त्याले सोताले काही करता येत नाही. आपण इथून मांगायचं त्याच्यासाठी. अन् तुझ्या काकाच्या शिव्या का थोड्या होत्या? साऱ्या तिथं धुवाव्या लागून राहिल्या असतील."

म्हणून रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा. एकच सूर, एकच नाव. मी इकडे आरामखुर्चीत पडलेला, डोळे अर्धे मिटलेले — आणि मला ती जागा दिसायला लागायची. मला कुठलं शुद्धिस्थान माहीत? मला काकांच्या मिलचा उरलाच दिसायचा. शिफ्ट सुटलेली. तांबूस धुरळा. नळांची लांबच लांब रांग, काजळीनं काळी झालेली माणसं तोंड धुताहेत, आणि पलीकडे बस उभी. ज्याचं नाव इकडून कोणी घेतं त्याच्या नळाला पाणी येतं. पीटरकाकांच्या नळाला रोज संध्याकाळी येत होतं. कपाळ उजळलेलं मी पाहिलंय, एक गालसुद्धा. ही थाप नाही. हे मला खरंच दिसायचं.

एकदा पितृपक्षात आमच्या गच्चीवर पान ठेवलेलं होतं. काकू त्यांच्या गच्चीवरून बघत होत्या. कावळा आला, शिवला, आई हात जोडून खाली गेली. काकू कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाप्पा. कावळा सांगून जाते. आमच्यात कोणीच सांगत नाही. मांगतच राहावं लागते."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं — तिथेच तर चुकलं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेला त्यांचा मृतांचा दिवस असतो. सगळे कबरस्तानात जातात, कबरी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात. त्या वर्षी काकूंचा गुडघा सुजून भोपळा झाला होता, आणि मुलगी प्रीती लग्न होऊन पुण्याला गेलेली. काकूंनी मला पिशवी दिली. झेंडूची फुलं, मेणबत्त्यांचा पुडा, आणि कागदात बांधलेला केक. केक तिथल्या चौकीदाराला द्यायचा होता, तो वर्षभर कबर झाडायचा म्हणून.

"हव काकू," म्हटलं आणि निघालो. खरंच कबरस्तानाकडेच निघालो होतो.

वाटेत गोल बाजार लागला. तिथे माझ्या मित्राचं भांड्यांचं दुकान. पाच मिनिटं बसू म्हटलं. पण दुकानात गिऱ्हाईक होतं, गिऱ्हाइकानं म्हशीचं विचारलं — आणि मला कोणी म्हशीचं विचारलं की माझं काय होतं ते तुम्हाला आता माहीत आहे. लोक जमले. बोलता बोलता भूक लागली. पिशवीत हात गेला. केक मी खाल्ला. मग ऐन पुरात, म्हैस झोपलेली असताना, बाजारातली वीज गेली. मित्रानं मेणबत्ती मागितली आणि मी पुडा काढून दिला. अख्खा पुडा.

कसं सांगू ते दृश्य? पितळेच्या घागरी, तांब्याचे हंडे, छतापासून टांगलेल्या पराती — प्रत्येकीत प्रत्येक ज्योत. सगळं दुकान हलल्यासारखं झालं, पाण्याच्या तळाशी बसल्यासारखं. माझा आवाज मलाच दुरून यायला लागला. त्या उजेडात मी जन्मात सांगितली नसेल इतकी सुंदर गोष्ट सांगितली. वीज आली तेव्हा पुडा संपला होता, आणि कबरस्तानाचं फाटक बंद व्हायची वेळ टळून गेली होती. फुलं? फुलं तिथल्याच एका गणपतीच्या तसबिरीला घातली.

काकू ओट्यावर वाट बघत बसल्या होत्या. "लावले रे दिवे?"

"लावले."

इथे थांबलो असतो तर — पण मी थांबणारा माणूस आहे का? त्यांचा चेहरा अजून काहीतरी मागत होता. आणि मला गोष्ट अर्धी सोडवत नाही. मी म्हणालो, मेणबत्त्या लावत होतो, केकचा कागद कबरीवर ठेवला होता. चौकीदार यायच्या आधीच एक कावळा उतरला. इकडेतिकडे बघितलं नाही. सरळ केक उचलला आणि वर गेला, काकू. सरळ वर.

काकूंनी हात उचलला. कपाळ, छाती, दोन्ही खांदे — क्रूसाची खूण केली. मग पदरात तोंड घालून रडल्या. मला वाटलं, वा. काय गोष्ट जमली.

दुसऱ्या संध्याकाळी भिंत गप्प होती.

थोड्या वेळानं आवाज आला, पण त्यात नाव नव्हतं. काकू आता ज्यांच्यासाठी कोणीच मागत नाही अशांसाठी मागत होत्या. काकांचं झालं, म्हणाल्या, आता बिचाऱ्या बेवारशांचं बघते. फादर केरळचे, सज्जन माणूस. त्यांनी समजावलं की असं कोणाला कळत नसतं, तुम्ही नाव घेणं सोडू नका. काकू हसल्या. "फादर, तुम्हाले कावळ्यातलं काय समजते?" चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेत काकांचं नाव देणं बंद झालं. माझा कावळा मात्र घरोघर गेला. काकू ती गोष्ट माझ्याहून चांगली सांगायच्या.

आणि मी आरामखुर्चीत पडून काय बघत होतो? तीच रांग. सगळ्यांच्या नळांना पाणी, एक नळ कोरडा. अर्धा चेहरा काळा ठेवून पीटरकाका उभे. शिवी देत नाहीत. नुसते बसकडे बघताहेत.

तुम्ही म्हणाल, बेवारशांसाठी मागितलेलं त्यांनाही पोचत असेलच. मीही कितीदा हे मनाशी घोळवलंय. पण त्यांना बेवारशांत घातलं कोणी?

सांगायला वर्षं होती. एक भिंत ओलांडून जायचं होतं. शेवटच्या दुखण्यात तर मी रोज उशाशी बसत होतो. काकू घाबरलेल्या नव्हत्या, नवऱ्याला भेटायला निघालेल्या बाईसारख्या होत्या. एकदा माझा हात धरून म्हणाल्या, "विन्या, माझाही कावळा पाहजो. अन् पोरीले सांगजो." तोंडाशी आलं होतं. अगदी दातांपर्यंत. मी म्हणालो, "हव काकू."

या नोव्हेंबरात मी कबरस्तानात गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा; काकूंना माती दिली तेव्हाही मी फाटकाबाहेरच थांबलो होतो. काकांची कबर मला शोधावी लागली, चौकीदाराला विचारावं लागलं. दोघं शेजारी आहेत. मेणबत्त्या लावल्या, केक ठेवला, उरल्याकडून येणाऱ्या धुरकट उजेडात बसून राहिलो. सगळीकडे दिवे, दिव्यांच्या वर कुजबुज. झाडांवर कावळे होते. एकही उतरला नाही.

तिथेच प्रीतीचा फोन आला. "भैया, मम्मी का कौआ आया क्या?"

"नहीं आया," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट होती तेवढीच सांगितली.

प्रीती म्हणाली, "ठीक है. तो मैं रोज माँगूँगी मम्मी के लिए. पापा का तो हो गया था न."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. फोन ठेवला.

हे तिला सांगायला हवं होतं, तुम्हाला नाही. तेही मला कळतं. पुण्यात आता रोज संध्याकाळी एकच नाव घेतलं जातं. पीटरकाकांकडे कावळा आला नव्हता. कोणीच आलं नव्हतं. केक मी खाल्ला होता. चांगला झाला होता, बेदाणे भरपूर होते.