बिनछपराची मोटार

लग्न होऊन मी मालवणात आले तेव्हा सासरी दोन गोष्टींना हात लावायची मला बंदी होती: सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीला आणि मामंजींच्या मोटारीला. बरणी पहिल्या बाळंतपणानंतर माझ्या ताब्यात आली. मोटार कधीच आली नाही.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, जन्मभर बोटीवर इंजिनाच्या कामाला होते. नोकरी संपताना मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी ती लाल, बुटकी, शर्यतीची मोटार विकत घेतली. बसायला दोनच माणसं. वर छप्पर नाही, फक्त पावसापुरता कापडी टप, तोही एरवी मागे घडी करून ठेवलेला. बैठक इतकी खाली की बसणाऱ्याला रस्त्यावरची कोंबडी समोरासमोर दिसे.

ते साल साठच्या आसपासचं. आमचे रस्ते म्हणजे तांबडी धूळ आणि खड्डे, त्यामुळे येणारा-जाणारा सल्ला देई. पत्र्याचं छप्पर घाला, चाकं मोठी बसवा, जीपचं इंजिन टाका, मागे फळी ठोका म्हणजे आंब्याच्या पेट्या तरी जातील. आमचे हे तर या बाबतीत गावाच्या चार पावलं पुढे. मामंजी सगळ्यांचं ऐकून घेत आणि एवढंच म्हणत, “ज्यान केल्यान, त्यान कायतरी बघूनच केल्यान.”

पत्र्याखाली मोटारीचा सांगाडा लाकडी होता. खाऱ्या हवेत तो टिकावा म्हणून होडीला लावतात ते माशाचं तेल मामंजी त्याला लावत. त्यामुळे मोटार उभी राहील तिथे आळीतली सगळी मांजरं जमत. मी तोंडाला पदर लावून हसायची; पण खरं सांगते, त्या हट्टाचं मला फार कौतुक होतं. माणसाने एखाद्या वस्तूला इतकं जपावं आणि तिच्याकडून काही मागू नये, हे मी माहेरी कधी पाहिलं नव्हतं.

वर्षातून एकदा त्या मोटारीची खरी ऐट असे. सासूबाईंच्या माहेरची जत्रा चौके गावाच्या पुढे एका खेड्यात भरे. देवीची ओटी भरायला दोघं मोटारीतून जात. सासूबाई पदर घट्ट खोचून, मांडीवर ओटीचं ताट धरून बसत आणि वाटेत कोणी हाक मारली तरी वळून बघत नसत.

मग एका पावसाळ्यात सासूबाई विहिरीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं आणि सांधलं ते वाकडं. बसवलं तर बसता येई, पण वाकून त्या बुटक्या दारातून आत शिरणं अशक्य. एस्टीची पायरी चढवत नव्हती, बैलगाडीचे हिसके सोसवत नव्हते. त्या वर्षीची जत्रा चुकली. दुसऱ्या वर्षी त्यांनी ओटीचं सामान काढायलाही सांगितलं नाही.

जत्रा जवळ आली तशी मामंजींनी स्वतःच सुताराला बोलावलं. दार कापायचं, बैठक उचलायची. आमच्या ह्यांना हर्ष झाला. आता कापतोच आहोत तर छप्परही घालून टाकू, म्हणून त्यांनी पत्र्याची चौकशीसुद्धा केली. मामंजींनी हातात खडू घेतला आणि लाल दारावर रेघ ओढली. ती वाकडी आली. सदऱ्याच्या बाहीने पुसून पुन्हा ओढली, तीही वाकडी. ज्या हाताने आयुष्यभर इंजिनं जुळवली त्या हाताला एक सरळ रेघ येईना. मला ते बघवेना.

सासूबाई पडवीत बसून बघत होत्या. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “माज्यासाठी गाडयेक करवत लावशात तर मी बसूचंय नाय. आजारी माणसाक होडयेतसून बोटीर कशी घेतत, ता इसारलास? बोट कापूक नाय कोणी. झोळीत घालून दोरान उचलतत, नि वरसून सोडतत.”

मामंजींनी हातातला खडू टाकला. आणि ते कप्पी शोधायला माळ्यावर गेले.

जत्रेच्या सकाळी अंगणातल्या आंब्याच्या फांदीला कप्पी बांधली. शिडाच्या कापडाच्या झोळीत सासूबाई, मांडीवर ताट. दोर आमच्या ह्यांच्या हातात, झोळीला हात मामंजींचा. टप मागे घडी केलेला. त्या वर उचलल्या गेल्या आणि अलगद, वरून, आपल्या जागेवर उतरल्या. ताटातला नारळसुद्धा कलंडला नाही. छप्पर असतं तर हे जमलं नसतं, हे आमच्या ह्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण पत्र्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आणखी काही जत्रा त्या अशाच गेल्या; देवळापाशीच्या झाडालाही कप्पी लागे आणि तिथे दोर माहेरची माणसं ओढत. मग एका उन्हाळ्यात सासूबाई वारल्या.

नंतरही मामंजी जत्रेला जात, एकटेच. शेजारच्या जागेवर ओटीचं ताट असे. माझी पोरं तोवर मोठी झाली होती, आणि उन्हात उघड्या डोक्याने गाडी हाकणाऱ्या म्हाताऱ्याची मला काळजी वाटे. एकदा धीर करून मी म्हटलं, मामंजी, आता तरी वर काहीतरी घालून घ्या.

फडक्याने काच पुसता पुसता ते म्हणाले, “छप्पर घातला, तर ती खंयसून उतरतली गो?”