न हुंगलेल्या काड्या

उदबत्ती घ्यायची तर आमच्या गावात कंपनीचं नाव कुणी विचारत नाही. ‘मालनबाईची हाय का?’ एवढंच विचारतात. पालमच्या दोन दुकानांतही तिचेच पुडे असतात.

हे काम ती माहेरी, मानवतला शिकली. कोळशाची भुकटी लावलेल्या काळ्या काड्या नांदेडहून येतात. त्यांना स्वतःचा वास नसतो. त्या ती मोगऱ्याच्या नाहीतर केवड्याच्या तेलात बुडवते, निथळू देते आणि आतल्या खोलीत सावलीला वाळवते. उन्हात ठेवल्या की वास उडून जातो. त्या खोलीत ती कांदासुद्धा ठेवू देत नाही. “कोळसा लय हावरा असतो बाई,” ती मला म्हणायची, “शेजारी जे असंल ते पितो. लसूण ठेवला तर लसूण पिईल.”

विकायच्या प्रत्येक खेपेतली एक काडी ती ओसरीवर लावून बघते. राख तुटून न पडता वाकली पाहिजे, काडी बुडापर्यंत जळली पाहिजे, आणि धूर डोळ्याला लागता कामा नये. डोळ्यात पाणी आलं की सगळी खेप बाजूला.

फक्त एका खेपेला ती असं करत नसे. चैत्रात मारुतीच्या देवळात सप्ताह बसतो, त्याच्या उदबत्त्या तिच्याकडून असतात. देवाला वाहायचं फूल आपण हुंगत नाही, हुंगलं की ते उष्टं झालं. तिचं या काड्यांचंही तसंच. लावून बघायच्या नाहीत, नाकाजवळ न्यायच्या नाहीत, पुडा बांधायचा तोही तोंड फिरवून. मलाही ते बरोबरच वाटायचं. देवाचं ते देवाचं.

सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची आणि नाम चालू ठेवायचं. पहाऱ्याला उभा असलेला माणूस बसत नाही, दुसरं काही बोलत नाही. आमच्या देवळातली वीणा आजवर कधी टेकली नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. त्यामुळे प्रत्येक सप्ताहात सगळ्यांना तीच धास्ती असते.

यंदा दुपारची पंगत बसली होती. देवळात आम्ही चार-पाच बायका टाळ घेऊन होतो, मालनबाई माझ्या शेजारी. वीणा भगवानरावांच्या गळ्यात. माणूस दम्याचा, पण पहारा सोडत नाही. बाहेर वावटळ उठली म्हणून मांडवाचे पडदे सोडले होते. सप्ताहाची व्यवस्था बघणारा नागेश आत आला, नवा पुडा फोडला आणि मूठभर उदबत्त्या वीणेपुढे लावून गेला.

थोड्या वेळाने भगवानराव खोकले. मग परत खोकले.

“धूळ आली आत,” आमच्यातली रुख्मिणी म्हणाली, “पडदा धरा गं कुणीतरी.”

पण पडदा घट्ट होता. आता माझाही घसा खवखवायला लागला. भगवानरावांच्या नामात खोकला शिरला, शब्द अर्धे तुटायला लागले. डोळे लाल, मानेच्या शिरा ताठ. आम्ही टाळ जोरात धरला, नाम तुटू नये म्हणून ओरडून म्हणू लागलो.

मालनबाई उठून उदबत्त्यांपाशी गेली. वाकली आणि तिने धूर नाकात घेतला. देवाची काडी तिने हुंगलेली मी पहिल्यांदा पाहिली. तिचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाली, “मिरची.”

पदराचं टोक तिच्या मुठीत चुरगळलं होतं. ती गप्प राहिली असती तर धूळच समजली असती सगळ्यांनी. पालमच्या दुकानांत गोष्ट गेली नसती.

तिने जळत्या उदबत्त्या हातानेच उपटल्या आणि तांब्यातल्या पाण्यात बुडवल्या.

नेमका तेव्हाच नागेश आत आला. “मालनबाई! देवापुढची उदबत्ती इझवली?”

पण तेवढ्यात भगवानरावांचे गुडघे वाकू लागले. वीणेचा भोपळा फरशीला लागायला वीतभर राहिला असेल. मालनबाईने खाली वाकून खांदा लावला, पट्टा त्यांच्या मानेवरून काढून आपल्या गळ्यात घातला आणि नाम उचललं. बायकांचा पहारा सकाळचा. दुपारी बाईच्या गळ्यात वीणा आम्ही कधी पाहिली नव्हती.

पंगतीतून धावत आलेल्या दोघांनी भगवानरावांना धरून बाहेर नेलं. नागेशने जीप काढायला सांगितली आणि परत मालनबाईसमोर उभा राहिला.

“सप्ताहाला असला माल देतात का? बोला की!”

ती कशी बोलणार? गळ्यात वीणा. ती नामच म्हणत राहिली. बाहेर खोकला चालूच होता.

पंगतीत वाढायला गेलेली तिची सून अर्पिता धावत आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं पोरीच्या. हाताला वरण तसंच.

“आत्यांना बोलू नका. मी केलंय हे. आभाळ आलं म्हणून गच्चीवरल्या मिरच्या गोळा केल्या अन् काड्यांच्या खोलीत वलनीवर पोत्यात टांगल्या. खाली काड्या उघड्या होत्या. भुकटी पडली असंल. आत्या लावून बघत्यात तवा कळंल, असं वाटलं मला. सप्ताहाच्या काड्या बघत न्हाईत, हे कुणी सांगितलंच न्हाई.”

“वा!” नागेश म्हणाला, “म्हंजे मारुतीची दृष्टच काढायलाव की तुमी!”

कुणीतरी हसलं. आणि लगेच थांबलं, कारण बाहेरचा खोकला बंद झाला होता.

मालनबाईची नजर पडद्यावर खिळलेली. बोट तारेवरून जात होतं, ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. मी नाम मोठ्याने उचललं, तिला आवाज सापडेपर्यंत. मग उठून पडदा सारून बाहेर गेले.

भगवानराव लिंबाखाली बसले होते. दम्याचा पंप तोंडाला लावून झाला होता, छाती अजून भात्यासारखी हलत होती. मला बघून हात वर केला.

“वीणा टेकली का?”

“न्हाई दादा.”

“कुणापाशी हाय?”

“मालनबाईपाशी.”

त्यांनी मान हलवली. “मग ऱ्हाऊ द्या. मधी कुणी बोलू नका तिला.”

आत जाऊन मी तसंच सांगितलं. नागेश बाजूला झाला. मालनबाईचे डोळे वाहत होते. मिरचीने की कशाने, मी विचारलं नाही.

पुढचा पहारेकरी आला. त्याच्या गळ्यात वीणा देऊन ती घरी गेली आणि आधीच्या खेपेतला, दुकानासाठी बांधलेला पुडा घेऊन आली. देवळाच्या पायरीवर बसली. सगळ्यांच्या देखत एक काडी लावली, धूर नाकात ओढला आणि राख वाकेपर्यंत डोळे मिटून बसली.

“आता उष्टी झाली की,” नागेश म्हणाला. पण हळू.

“झाली,” ती म्हणाली आणि पुडा त्याच्यापुढे धरला. “यापुढं उष्टीच येईल.”

नागेश पुडा घेऊन आत गेला आणि वीणेपुढे काडी लावली. मोगऱ्याचा वास दारापर्यंत आला. भगवानराव दाराशी येऊन टेकले होते. आम्ही सगळ्या त्यांच्याच तोंडाकडे बघत होतो. त्यांनी एक लांब श्वास घेतला, सोडला आणि टाळ मागितला.