वरातीतली निर्गुडा

इक्बाल गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुकुटबनच्या शाळेत नववीच्या वर्गात गणित शिकवत होते. फोन शबानाभाभीचा होता, इक्बालच्या बायकोचा. "दीदी, हे उठूनच नाही राह्यले," एवढंच ती म्हणाली आणि फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. दुपारी जेवून आडवा झाला होता, चहाच्या वेळी हलवलं तर... मी पोरांना म्हटलं, पुढचं तुम्ही सोडवा, आणि पटांगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं रडू येईल. रडू आलं नाही. डोक्यात आमचं गाणं सुरू झालं, आणि तेही माझं नाही, त्याचं... वरातीतलं, नाचाचं. त्या गाण्यावरून इतकी वर्षं भांडून शेवटी त्याचंच खरं झालं, म्हणून त्याही अवस्थेत मला त्याचा थोडा राग आला.

आमचं गाणं म्हणजे 'सांग निर्गुडे'. वणीच्या बाजूला पन्नाशीतल्या माणसाला या गाण्याबद्दल विचाराल तर तो डोळे मिटून पहिली ओळ म्हणेल. पंचविशीतल्याला विचाराल तर तो उभा राहून पाय हलवून दाखवेल. गाणं एकच. पहिलं रूप आम्ही कॉलेजात असताना केलं, त्याला आम्ही ऐटीत रॉक म्हणायचो. आम्ही चौघे होतो. ड्रम आणि बेस वाजवणारे दोघे पुढे नोकऱ्यांच्या मागे पुण्या-नागपूरकडे गेले. गिटार इक्बालची, आवाज माझा. जयंतीच्या स्टेजवर लहानपणापासून गायलेली मी, माइकची भीती कधी वाटलीच नाही. इक्बालच्या अब्बांचं चंद्रपूर रोडला ट्रकच्या वायरिंगचं दुकान होतं. अ‍ॅम्प्लिफायर घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून इक्बालने गिटार ट्रकच्या भोंग्याला जोडली. त्यातून आवाज असा फाटून यायचा की समोरच्या हॉटेलातला चहावाला कानात कापसाचे बोळे घालून बसायचा. आम्हाला मात्र तो फाटका आवाज फार आवडायचा. अजूनही आवडतो.

शब्द मी लिहिले होते. उन्हाळ्यात निर्गुडा नदी म्हणजे नुसती ओल उरते, त्या ओलीत पाय ठेवून बसायचं आणि 'सांग निर्गुडे, कुठवर नेशील' असं तिलाच विचारायचं. वय तसं होतं. प्रत्येकाला कुठेतरी जायचं होतं आणि कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. 'निर्गुडेऽऽ' ही हाक मी एका दमात लांबवर न्यायची. खाणीत नोकरीला असलेले माझे बाबा म्हणायचे, "आमच्या घरी पाळीचा भोंगा वेगळा लावाची गरज नाही." नागपूरच्या एका स्टुडिओत एका दिवसात आम्ही ते रेकॉर्ड केलं, कॅसेट काढल्या आणि घरी आणून खाटेखाली ठेवल्या. विकणार कोण?

विकल्या नाहीतच त्या. इक्बालने त्या वाटल्या, आणि वाटायची त्याची तऱ्हा अशी की आजही आठवलं की हसू येतं. त्याच्याकडे कोळशाच्या ट्रकांना टेप बसवून द्यायचं काम असायचं. टेप बसवला की तो वाजवून दाखवायला आमचीच कॅसेट घालायचा आणि मग ती काढायची 'विसरायचा'. ट्रक निघून जायचा. ड्रायव्हर रस्ताभर दुसरं काही नाही म्हणून तीच ऐकायचा, धाब्यावर थांबला की मोठ्याने लावायचा. बघता बघता माझी हाक चंद्रपूर ओलांडून गेली. मी कधी न पाहिलेल्या गावांतून लोक गाण्याची चौकशी करत दुकानावर येऊ लागले. संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे काढत असायची आणि खालून रांगेने जाणाऱ्या ट्रकांमधून माझाच आवाज यायचा. एका ट्रकमधला विरत नाही तोवर दुसऱ्यातला... हवेत कोळशाची बारीक धूळ, उतरतं पिवळं ऊन, आणि सगळ्या रस्त्यावर मीच नदीला हाक मारते आहे. त्या दिवसांत मी चालताना जमिनीला पाय लागत होते की नाही, मला खात्रीने सांगता येत नाही.

पुढे गाणं सुटलं. कुणी सोडायला लावलं नाही आणि मीही तसं कधी ठरवलं नाही. बीएड झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. एखादी ओळखीची बाई आधी रोज भेटते, मग बाजाराच्या दिवशी, मग नुसतीच आठवते, तसं झालं. नवरा अधूनमधून म्हणायचा, "म्हण ना एखादं," आणि मी कुकरच्या शिट्ट्यांकडे बोट दाखवायची. इकडे कंपनीतूनच टेप लागून ट्रक यायला लागले, कॅसेटही गेल्या, आणि इक्बालने हातगाडीवर कीबोर्ड चढवला. धुमाल म्हणजे आमच्याकडची वरातीची वाजंत्री. ढोल, ताशे, झांजा, आणि बॅटरीला जोडलेला कीबोर्ड. त्याची पार्टी चांगली चालायची. पार दारव्ह्यापासून लग्नाच्या सुपाऱ्या यायच्या.

एका चैत्रातल्या दुपारी शाळा सुटल्यावर मी काळीपिवळीतून मुकुटबनहून वणीला परत येत होते. जीपमध्ये नेहमीप्रमाणे माणसं कोंबलेली, माझी मान पेंगून खिडकीवर टेकलेली. वाटेतल्या एका गावात वरातीने रस्ता अडवला होता. उन्हात रस्ता हलत होता, वऱ्हाडी हलत होते, आणि त्या हलण्याच्या आतून मला माझा आवाज ऐकू आला. आधी वाटलं झोपेतच आहे. विशीतला आवाज, काहीच न बिघडलेला... पण तुकडे तुकडे झालेला. "निर्गु-डे-डे-डे!" प्रत्येक 'डे'वर ढोलाचा दणका, प्रत्येक दणक्यावर शंभर पाय. नवऱ्यामुलाची मावशी असावी अशी एक जाडजूड बाई डोक्यावरचा पदर कमरेला खोचून माझ्या हाकेवर गरगर फिरत होती. शेजारी बसलेली पोरगी मला म्हणाली, "मॅडम, हे गाणं लई भारी हाये, तुम्ही आयकलं नसन." मी म्हटलं, "नाही बाई, नाही ऐकलं."

हातगाडीवर अर्थातच इक्बाल, जुन्या कॅसेटमधला माझा आवाज कीबोर्डात भरून बोटांनी वाजवत. मी जीपमधून उतरले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तणतणत त्याच्या दुकानावर गेले. माझ्या आयुष्यात एकच गोष्ट मी एका दमात केली होती आणि ती याने भाजी चिरावी तशी चिरली होती. विचारलंसुद्धा नाही. "इचारलं असतं तर तू नाही म्हनली असती," तो शांतपणे म्हणाला. लहान पोराला समजवावं तसं मला सांगू लागला, "अवं, लांब दमावर नाचता येत नाही. नाचनाऱ्याले श्वास घ्याले जागा लागते. तुह्या त्या लांब हाकेत कोनाले घुसाले जागाच नव्हती. तू एकटीच व्हती तिथं." मी म्हटलं, गाणं दुःखाचं आहे. तो म्हणाला, "मंग? दुःखाचं हाये म्हनून लोकाइनं बसूनच राहाव का?" मला पटलं नाही. पटलं नाही हे मी त्याला पुढे प्रत्येक लगीनसराईत सांगत राहिले आणि तो प्रत्येक वेळी आल्याचा चहा पाजत राहिला. आमची मैत्री त्या भांडणावरच चालली असं म्हटलं तरी चालेल. माझा नवरा तर म्हणायचा, तुम्ही दोघं एकदा मिटवून टाकाल तर बोलायला काय उरेल?

पण मिटणार कसं? त्याची एकच मागणी होती, आणि ती मी कधीच मान्य केली नाही. मी एकदा धुमालीबरोबर चालत गावं, कीबोर्डातला आवाज बंद करून मीच. "एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना आपन," तो म्हणायचा, "तसा तुहा जुना आवाज टाकून ठेवला हाये मी तिथं. बसाले तूच ये." मी हसून उडवून लावायची. गणिताची मॅडम वरातीत गाते आहे आणि पुढे दहावी नापास झालेले नाचताहेत, हे दृश्य मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची. ती हाक आता माझ्यात उरली नाही, हे मला ठाऊक होतं. तिकडे वरातीत मी अजून वीस वर्षांची होते. तिच्या शेजारी जाऊन उभं राहायची माझी हिंमत नव्हती. तो जाण्याच्या आठवडाभर आधी घरी आला होता, दारातच स्कूटरवर बसून बोलला. "या सिझनले येतं का?" मी म्हटलं, "पुढच्या सिझनले पाहू." "तू दर साली हेच म्हनतं," तो म्हणाला, हसला आणि गेला. त्याच्या पाठीवरचा शर्ट वाऱ्याने फुगलेला मला अजून दिसतो. जाताना माणूस आपल्याला काही सांगत नाही... निदान त्याने तरी नाही सांगितलं.

चाळिसावा होऊन गेल्यावर गेल्या रविवारी मी भाभीकडे गेले होते. तिची इद्दत चालू आहे, नवऱ्यामागे पाळायचे चार महिने दहा दिवस, त्यामुळे ती बाहेर येत नाही. आतल्या खोलीत आम्ही बसलो होतो. चादरीने झाकलेला कीबोर्ड भिंतीशी उभा होता. भाभी म्हणाली की आलेगेलेले सगळे इतकं हळू बोलतात की तिचे कान दुखायला लागलेत. ऊन उतरत होतं. तेवढ्यात लांबून धुमाल ऐकू आली, गल्लीकडेच येत होती. मयत झालेल्या घरासमोरून जाताना धुमाल बंद करायची, ही आमच्याकडची रीत, आणि ही तर इक्बालचीच पार्टी. कोपऱ्यावर आल्याबरोबर ढोल थांबले. मग नुसती चालणाऱ्या पायांची सरसर... घरापुढून वरात अशी चालली होती जणू सगळे झोपेत चालताहेत. नवरदेवाचा घोडासुद्धा हळू पाय टाकत होता.

भाभी उठून दाराच्या पडद्याआड गेली आणि आतूनच मोठ्याने म्हणाली, "बंद काहून केलं? वाजवा! त्याइचंच गानं वाजवा!" वरात जागच्या जागी थांबली. ढोलवाला बाळू, वीस वर्षं इक्बालबरोबर वाजवत आलेला, दाराशी आला. त्याचे डोळे भरले होते. "भाभी, त्याइचं गानं कसं वाजवू? कीबोर्ड तर घरात हाये. मॅडमचा आवाज त्याच्यातच हाये."

"मॅडम तर इथंच बसली हाये," भाभी म्हणाली.

मी नको म्हणून हात हलवला. भाभीने माझ्याकडे पाहिलं आणि पडदा तेवढा एका बाजूला धरून उभी राहिली, मला बाहेर जाता येईल इतका. बाहेर ओट्याखाली गर्दीत माझ्या वर्गातली दोन पोरं होती, ती एकमेकांना कोपराने ढोसत होती. मी चपला शोधल्या, एकच सापडली, ती तिथेच टाकली आणि तशीच रस्त्यावर उतरले. रस्ता अजून तापलेला होता. बाळूने मला विचारलं नाही, त्याने थेट ठेका धरला. हाकेची जागा आली. मी हाक मारली. दोनच पावलांवर दम तुटला, श्वास घेतला, पुन्हा तुटला. आवाज जाड निघाला, खरखरीत, फळ्यासमोर वर्षानुवर्षं ओरडून झाला आहे तसा. इतकी वर्षं त्या गाण्यात मी विशीची होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा गाणं माझ्या वयाचं झालं. लोक नाचत होते. माझ्या दोन्ही बाजूंनी, मागेपुढे, अगदी अंगाला लागून नाचत होते, आणि मी त्यांच्यात होते. हे ऐकायला इक्बाल नव्हता, याचं मला फार, फार वाईट वाटलं. मी पदराने तोंड पुसलं आणि पुढची ओळ घेतली.