डबा अजून शेजारीच आहे

मंडळी, वाचवा! इथे परदेशात, बोडनसे तळ्याकाठच्या आमच्या गावात पुण्याहून सासूबाई आल्यात. आल्या आल्या त्यांनी शेजारच्या केलर आजींना डबाभर रव्याचे लाडू दिले.

डबा परत आला तो केक घालून. रिकामा कसा पाठवायचा, म्हणून आम्ही चकल्या पाठवल्या. मग बिस्किटं आली, मग करंज्या गेल्या. महिनाभर हेच.

आज केलर आजी दारात उभ्या. "बिट्टे, प्लीज, आज डबा रिकामाच घ्या. माझे हात दुखतात हो!"

मी सुटकेचा निःश्वास टाकून हात पुढे केला.

"अगं, रिकामा डबा घेतात का कधी?" म्हणत सासूबाईंनी त्यात मूठभर साखर घातली आणि सवयीने डबा आजींच्याच हातात परत दिला.

आत्ता शेजारून केकचा वास येतोय. तुमच्याकडे हे कसं थांबलं होतं?