नणंदेची मित्रबुरशी

नातेवाइकांपेक्षा बुरशीवर जास्त माया करणारी बाई जगात एकच असावी आणि ती माझी थोरली नणंद असावी, हे माझं नशीब. शेतकी प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन ताई रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्या साड्यांची एक बॅग आणि बुरशीची एक पिशवी घेऊन. ही म्हणे मित्रबुरशी. मातीत राहते आणि मुळं सडवणाऱ्या वाईट बुरशीला खाऊन टाकते. छानच आहे. पण ती वाढवायला ज्वारी लागते, ज्वारी शिजवायला कुकर लागतो, आणि कुकर माझा असतो. आठवडाभरात पिशवीत भरलेल्या त्या ज्वारीवर हिरवागार थर चढला की ताई ती पिशवी माझ्या मसाल्यांच्या फळीवर मांडत. एकदा पाहुण्यांदेखत मी ती कचऱ्यात टाकायला निघाले, तर म्हणाल्या, "ठेव तिथं. तो आपला माणूस आहे." पाहुण्यांनी त्यानंतर आमच्याकडे चहासुद्धा घेतला नाही.

त्यांना घेऊन कोणाकडे जायचं म्हणजे तर शिक्षाच. चहा येण्याआधी ताई तुळशीपाशी. बोटानं मुळं उकरून घरच्या बाईला सांगणार, "पाणी जास्त घालून राहिली तू. जीव गुदमरून राहिला तिचा." मग पर्समधून बुरशीच्या भुकटीची पुडी निघणार. नवा रायपूरला एका वास्तुशांतीत त्यांनी ती पुडी पंचामृताशेजारी ठेवली. मी पूजाभर हात जोडले ते देवापेक्षा त्या पुडीवर नजर ठेवून.

गेल्या हिवाळ्यात गच्चीवरचे माझे टोमॅटो मरू लागले. सकाळी टवटवीत, दुपारी मान टाकलेली. ताईंनी शेणखतात बुरशी कालवून मुळाशी घातली आणि म्हणाल्या, "थांब." मी थांबले. आणखी दोन रोपं गेली.

"ताई, दुकानातलं औषध आणू का?"

"काहून? औषधानं वाईट मरते, संगं भलंही मरते. मंग पुढं राखन कोन करन?"

पुढचं रोप वाळलं तेव्हा मी गोल बाजारात गेले, बुरशीनाशक आणलं आणि ताई आंघोळीला गेल्याचं पाहून सगळ्या कुंड्यांत ओतलं.

दोन दिवसांनी त्यांनी कुंड्यांतली चिमूटभर माती शिजलेल्या ज्वारीवर टाकून वाट्या झाकून ठेवल्या. बुरशी जिवंत आहे का, हे बघायची त्यांची ही रीत. दिवस गेले, पण हिरवं काही उगवेना.

"तू काही टाकलं काय?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि आपलीच बुरशी बिघडली असं समजून फळीवरच्या सगळ्या पिशव्या स्वतःच फेकून दिल्या. चार दिवसांनी जेवताना माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "माह्या हातचं गेलं रे सारं. आता मले जमत नाही." जी रिकामी फळी मी इतके दिवस मागत होते ती समोर होती, आणि मला तिच्याकडे बघवेना.

"ताई, औषध मीच ओतलं."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "खोटं काहून बोलली?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलीच असती. पण चार दिवस मले वाटलं, मीच संपली."

दुसऱ्याच दिवशी पर्समधल्या पुडीच्या जोरावर माझा कुकर पुन्हा ज्वारीला जुंपला गेला. उरलेली रोपं तगली, टोमॅटोही लागले. औषधामुळे की बुरशीमुळे, असं विचारलं तर म्हणाल्या, "दोन्ही एकाच कुंडीत गेलं, मंग सांगू कशी?" स्वतःकडे श्रेय घेण्याइतकंही खोटं या बाईला बोलता येत नाही. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

यंदा गुडघ्यांनी त्यांचा जिना बंद केला. आता त्या खाली खुर्चीत बसून मला हुकूम सोडतात. खत सावलीत ठेव, त्यावरचं पोतं ओलं कर, कुंड्यांत पाणी साचू देऊ नको. माझं डोकं उठतं. परवा बराच वेळ खालून आवाज आला नाही. मी मातीच्या हातानंच धावत जिना उतरले. ताईंना नुसती डुलकी लागली होती. वर पुष्कळ काम पडलं होतं, पण मी पायरीवर बसून राहिले. त्या उठून काहीतरी चूक काढेपर्यंत तिथून हलावंसं वाटेना.